कूस पालटण्याचा इतिहास

इतिहास म्हटला कीं लढाया, तह, राज्यारोहणें आणि राजधान्यांची उलथापालथ यांची आठवण व्हावी, हें स्वाभाविक आहे. वैद्यकाचा इतिहास म्हटला तरी देवीची लस, क्लोरोफॉर्म, पेनिसिलिन अशा मोठ्या शोधांचीं नांवें ओठांवर येतात. आज ज्या विषयावर मी चार शब्द बोलणार आहें, त्यांत असा एकही दिग्विजय नाहीं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कोणीं, केव्हां आणि किती वेळानें पालटावी, एवढाच हा विषय आहे. परंतु या क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नाचें उत्तर पक्कें व्हावयास वैद्यकाला शतकें लागलीं. आणि तें उत्तर हातीं येईपर्यंत, किंबहुना आल्यानंतरही, असंख्य वृद्ध माणसें ज्या रोगासाठीं रुग्णालयांत आलीं त्या रोगानें नव्हे, तर पाठीवरच्या जखमेनें दगावलीं. म्हणून या विषयाला इतिहास आहे, आणि तो ऐकण्यासारखा आहे.

निरोगी माणूस झोपेंत स्वस्थ पडलेला असतो असें आपण समजतों. वस्तुतः तो रात्रभर चुळबुळत असतो. एका जागीं भार पडून कातडीखालचें रक्त अडूं लागलें, कीं त्या जागेचे मज्जातंतू मेंदूला वर्दी देतात आणि जाग न येतांच मनुष्य अंग हलवितो. निसर्गानें आपल्या देहावर बसविलेला हा रात्रीचा पहारा आहे. तो जेथें ढिला पडतो, तेथें शय्याव्रणाचा आरंभ होतो. अर्धांगवायूनें एक बाजू गेली, खुब्याचें हाड मोडलें, तापाची ग्लानि आली, किंवा केवळ वार्धक्यानें हलण्याची शक्तीच सरली, म्हणजे देहाचा सारा भार त्याच त्या चार-पांच जागांवर तासन्तास पडून राहतो. माकडहाडाच्या वरचा भाग, खुबे, टांचा, घोटे, खांदे, कधीं डोक्याची मागची बाजू, अशा या जागा आहेत. तेथें हाड आणि कातडी यांच्यामध्यें मांसाची गादी पातळ असते. प्रथम तेथें लाली येते, मग ती जागा काळवंडते, कातडी सोलवटते, आणि शेवटीं हाडापर्यंत पोंचणारी पोकळी पडते. पाश्चात्त्य वैद्यकांत या विकाराला फार दिवस ‘डेक्युबिटस’ म्हणत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘आडवें पडणें’ असा आहे. आपल्याकडील ‘शय्याव्रण’ हें नांवही बिछान्यावरच ठपका ठेवतें. परंतु ठपका नेमका कोणावर ठेवावयाचा, रोगावर, रोग्याच्या देहावर, बिछान्यावर कीं शुश्रूषा करणारांवर, याच प्रश्नाभोंवतीं हा सारा इतिहास फिरतो.

हें दुखणें किती प्राचीन आहे, याची साक्ष इजिप्तमधील एका ममीनें दिली आहे. सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीं, एकविसाव्या राजवंशाच्या काळीं, आमन देवाची एक पुजारीण वृद्धापकाळीं मरण पावली. तिच्या ममीची तपासणी झाली तेव्हां पाठीमागें आणि खांद्यांवर मोठे व्रण दिसून आले, आणि ते व्रण मऊ कातड्याच्या तुकड्यांनीं झांकलेले आढळले. तें कातडें हरिणाच्या जातीच्या प्राण्याचें असावें, असें संशोधकांनीं अनुमान केलें. परलोकीं देह अव्यंग जावा म्हणून मृत देहाची सिद्धता करणारांनीं हीं ठिगळें लावलीं होतीं. म्हणजे मृत्यूनंतर त्या वृद्धेच्या पाठीची जितकी काळजी घेतली गेली, तितकी तिच्या अखेरच्या दिवसांत घेणें कोणालाही साधलें नव्हतें. या विकाराच्या इतिहासांत ही गोष्ट पुढें अनेक वेळां घडलेली दिसेल.

यानंतर आपण एकदम सोळाव्या शतकांत येऊं. फ्रान्सचा प्रख्यात शस्त्रवैद्य आंब्रोआज पारे यास १५६९ मध्यें राजाज्ञेनें फ्लँडर्समधील एका सरदाराकडे पाठविण्यांत आलें. गुडघ्याजवळ बंदुकीची गोळी लागून तो सरदार सात महिने अंथरुणास खिळला होता. ताप, पू आणि वेदना यांनीं तो जर्जर झाला होता, आणि एकाच स्थितींत पडून राहिल्यामुळें त्याच्या पाठीच्या खालच्या भागीं व्रण पडला होता. पारेनें गोळीच्या जखमेवर उपचार केले हें खरें. परंतु आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. त्यानें रोग्यासाठीं दुसरा मऊ बिछाना घालविला, स्वच्छ वस्त्रें आणविलीं, आणि पिसांची एक लहान उशी अशा रीतीनें ठेवविली कीं व्रणाचा भाग अधांतरीं राहावा व त्यावर देहाचा भार मुळींच पडूं नये. रोग्यास झोंप यावी म्हणून उंचावरून भांड्यांत पाणी पाडून पावसाचा आवाजही त्यानें निर्माण करविला. पोषक अन्न दिलें, मनाला उभारी दिली. कांहीं आठवड्यांनीं तो सरदार कुबड्यांवर हिंडूं लागला. पारेनें ही हकीकत १५८५ मध्यें, आपल्या उतारवयांत, प्रसिद्ध केली. दाब काढावा, अंग कोरडें व स्वच्छ ठेवावें, अन्न द्यावें, झोंप द्यावी: आजच्या उपचाराचीं जवळजवळ सारीं सूत्रें या एका हकीकतींत आहेत. दुर्दैव एवढेंच कीं, राजवैद्याच्या देखरेखीखालीं एका सरदाराला जें मिळालें, तें सामान्य रुग्णालयांतील गोरगरिबांपर्यंत पोंचावयास आणखी साडेतीनशें वर्षें जावीं लागलीं.

एकोणिसाव्या शतकांत रुग्णालयें वाढलीं आणि हा प्रश्नही वाढला. १८३२ मध्यें नील आर्नट नांवाच्या स्कॉटिश डॉक्टरानें एक चमत्कारिक बिछाना तयार केला. प्रसूतीनंतरच्या दुखण्यानें खिळलेल्या एका स्त्रीच्या अंगावर व्रण पडले होते आणि कोणतीही गादी तिला सोसवेना. आर्नट हा पदार्थविज्ञानाचा अभ्यासक. पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूवर सर्व बाजूंनीं सारखा दाब पडतो, हें तत्त्व त्याच्या मनांत घोळत असणारच. त्यानें एका पेटींत पाणी भरलें, त्यावर रबरी कापड सैल पसरलें, वर मऊ गादी घातली आणि रोग्यास जणूं पाण्यावर तरंगत ठेवलें. या शोधाचें पेटंट त्यानें घेतलें नाहीं. ज्याला हवा त्यानें असा बिछाना करून घ्यावा, असेंच त्याचें धोरण होतें. आज रुग्णालयांत ज्या हवेच्या व फोमच्या गाद्या दिसतात, त्या सर्वांची ही आजी म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु याच शतकाच्या मध्यास एक मोठा वाद उभा राहिला, आणि त्या वादांत चुकीच्या पक्षाचें पारडें बराच काळ जड राहिलें. मॉरिशस बेटावर जन्मलेला शरीरशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यानें १८५० च्या सुमारास प्राण्यांवर प्रयोग केले. मज्जारज्जु तोडलेल्या प्राण्यांना व्रण पडतात, हें सर्वांना ठाऊक होतें. ब्राउन-सेकारनें दाखवून दिलें कीं, त्या प्राण्यांच्या अंगावर दाब पडूं दिला नाहीं आणि मूत्रानें कातडी भिजूं दिली नाहीं, तर व्रण पडत नाहींत. म्हणजे मज्जारज्जूची इजा ही व्रणाची भूमिका तयार करते. पण प्रत्यक्ष व्रण पाडतात ते दाब आणि ओलावा. आणि या दोन्ही गोष्टी माणसाला टाळतां येण्यासारख्या आहेत.

या मताला विरोध करणारा मनुष्य सामान्य नव्हता. पॅरिसमधील सालपेट्रिएर येथें हजारों वृद्ध व निराधार स्त्रिया राहत असत, आणि तेथें ज्याँ-मार्तँ शार्को हा त्या काळचा अग्रगण्य मज्जाविकारतज्ज्ञ काम करीत होता. वृद्धांच्या रोगांवरही त्यानें व्याख्यानें दिलीं होतीं. त्याच्या पाहण्यांत असें आलें कीं, मेंदूंत रक्तस्राव होऊन अर्धांग झालेल्या रोग्याच्या लुळ्या बाजूस कधीं कधीं दोन-चार दिवसांतच व्रण पडतो, आणि असा व्रण दिसला कीं मृत्यु बहुधा जवळ असतो. दोन्ही बाजू त्याच बिछान्यावर असतां व्रण लुळ्या बाजूसच कां पडावा? यावरून शार्कोनें निष्कर्ष काढला कीं, दाब हें खरें कारण नव्हे. इजा झालेले मज्जातंतूच त्या भागाचें पोषण बिघडवितात. त्यानें या व्रणाला ‘अशुभसूचक’ अशा अर्थाचें नांव दिलें.

श्रोतेहो, शार्कोचें निरीक्षण चुकीचें नव्हतें. चुकीचा होता तो त्यावरून काढलेला अर्थ. लुळी बाजू हलत नाहीं, तिला वेदना कळत नाहीं, म्हणून तेथें दाब अखंड राहतो, हा सरळ उलगडा त्याला पटला नाहीं. आणि या एका चुकीचे परिणाम फार दूरवर गेले. व्रण जर मज्जातंतूंच्या बिघाडानेंच पडत असेल, तर परिचारिकेनें काय करावें? आणि व्रण दिसतांच मृत्यु अटळ असेल, तर रात्रीं उठून रोग्याची कूस तरी कां पालटावी? मोठ्या माणसाच्या मतानें सामान्य माणसाच्या आळसाला व निराशेला शास्त्राचा आधार मिळाला. ‘आतां पाठीला जखम झाली, कांहीं उपाय नाहीं’, असें वाक्य आजही आपल्या कानांवर पडतें. त्याच्या मागें शार्कोचें नांव नसेल. पण वृत्ति तीच आहे.

याच्या अगदीं उलट टोंकास फ्लॉरेन्स नाइटिंगेल उभी होती. क्रिमियाच्या युद्धांतील अनुभव घेऊन परतल्यावर तिनें शुश्रूषेवर जें लहान पुस्तक १८५९ मध्यें लिहून पुरें केलें, त्यांत तिचा आग्रह असा कीं, रोग्याला सोसाव्या लागणाऱ्या पुष्कळ यातना रोगाच्या नसून शुश्रूषेच्या उणिवेच्या असतात. आणि त्यांत तिनें शय्याव्रणाची स्पष्ट गणना केली. १८६० मध्यें लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत तिच्या नांवानें परिचारिकांची शाळा निघाली, आणि रोग्याच्या पाठीचा प्रश्न परिचारिकेच्या अब्रूचा प्रश्न झाला. पुढें १८७३ मध्यें जेम्स पॅजेट या इंग्रज शस्त्रवैद्यानें आपल्या व्याख्यानांत शय्याव्रणाची व्याख्याच दाबानें मृत झालेला देहाचा भाग अशी केली.

नाइटिंगेलच्या शिकवणुकीनें निराशा हटविली, हें तिचें थोर कार्य. पण तिची एक काळी बाजूही होती. व्रण म्हणजे परिचारिकेचा गुन्हा, असें समीकरण झाल्यावर व्रण लपविण्याकडे कल होऊं लागणें हा मनुष्यस्वभाव आहे. डॉक्टरनें हा विषय परिचारिकेचा म्हणून सोडून दिला; परिचारिकेनें स्पिरिट चोळणें, पावडर लावणें, निरनिराळे लेप देणें हे विधि भक्तिभावानें चालविले; आणि या विधींनीं खरोखर कांहीं लाभ होतो कीं नाहीं, हें मोजून पाहण्याचें बराच काळ कोणाच्या मनांत आलें नाहीं.

मोजण्याचें युग विसाव्या शतकांत आलें. १९३० मध्यें यूजीन लँडिस यानें माणसाच्या कातडींतील केशवाहिन्यांमध्यें अतिसूक्ष्म नळी घालून तेथील रक्ताचा दाब मोजला. धमनीच्या बाजूस तो सरासरीनें पाऱ्याच्या ३२ मिलिमीटर उंचीइतका भरला. बाहेरून याहून बराच अधिक दाब पडत राहिला तर त्या केसाएवढ्या वाहिन्या मिटतात, आणि रक्तावांचून मांस मरूं लागतें, हें त्यावरून ध्यानांत आलें. कठीण पृष्ठावर बसलेल्या वा निजलेल्या माणसाच्या हाडाखालीं याच्या कितीतरी पट दाब असतो. मग आपणां सर्वांना व्रण कां पडत नाहींत? कारण आपण हलतों. १९५९ मध्यें मायकेल कोसिॲक यानें कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, या हिशेबांत दाबाइतकाच काळ महत्त्वाचा आहे: मोठा दाब थोडा वेळ जें नुकसान करतो, तें लहान दाब पुष्कळ वेळ राहून करूं शकतो. अवघा ६० मिलिमीटर दाब एक तास राहिला तरी सूक्ष्मदर्शकाखालीं मांसांतील बदल दिसूं लागले होते. शिवाय दाब हाडाजवळ सर्वांत तीव्र असतो. त्यामुळें आंतलें मांस आधीं मरतें आणि वरची कातडी मागाहून फुटते. म्हणूनच वर रुपयाएवढें दिसणारें छिद्र आंत मुठीएवढें असूं शकतें. १९५८ मध्यें आणखी एक शत्रु ओळखला गेला. रोग्यास अर्धवट बसतें केलें कीं तो हळूहळू खालीं घसरतो. कातडी चादरीला चिकटून जागच्या जागीं राहते आणि आंतलें हाड सरकतें. या ओढींत मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जाऊन मिटतात.

परंतु प्रयोगशाळेच्या आधींच एका माणसानें हें तत्त्व आचरणांत आणून दाखविलें होतें. लुडविग गुटमान हा जर्मनींतील ज्यू मज्जाविकारतज्ज्ञ. १९१७ मध्यें, तो अठरा वर्षांचा असतां, एका रुग्णालयांत स्वयंसेवक म्हणून काम करीत होता. तेथें पाठीचा कणा मोडलेला एक धिप्पाड खाणकामगार आणण्यांत आला. हा थोड्याच आठवड्यांत मरणार, याच्यासाठीं फार कष्ट घेऊं नकोस, असें त्या मुलाला सांगण्यांत आलें. पांच आठवड्यांनीं तो कामगार खरोखरच मेला. गुटमान ती गोष्ट जन्मभर विसरला नाहीं. नाझी राजवटींतून निसटून तो १९३९ मध्यें इंग्लंडला आला, आणि फेब्रुवारी १९४४ मध्यें स्टोक मँडव्हिल येथें मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठीं निघालेलें केंद्र त्याच्या हवालीं झालें. पहिल्या महायुद्धांत अशा जखमी सैनिकांपैकीं बहुतेक सारे शय्याव्रण व मूत्रमार्गाचा दाह यांना बळी पडले होते. गुटमाननें दर दोन तासांनीं, दिवसा आणि रात्रीं, प्रत्येक रोग्याची कूस पालटण्याचा नियम केला. नियम कागदावर राहूं नये म्हणून तो स्वतः मध्यरात्रीं वॉर्डांत फेरी मारी. शार्कोनें जें अटळ मानलें होतें, तें या नियमानें टळलें. मज्जारज्जु तुटलेलाच होता, तरी व्रण पडेनात, आणि पडलेले भरून येऊं लागले.

जगलेल्या माणसांचें पुढें काय करावें, या विचारांतून त्यानें १९४८ मध्यें रुग्णालयाच्या आवारांत तिरंदाजीचे सामने भरविले. त्या रोपट्याचाच पुढें पॅरालिंपिक हा वृक्ष झाला. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर यांनीं १९७२ मध्यें हायडेलबर्ग येथें याच सामन्यांत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें, हें आपणांस अभिमानानें स्मरण्यासारखें आहे. ज्या पंथानें ते तेथवर गेले, त्याची पहिली पायरी रात्रीं दोन वाजतां कूस पालटणारे हात ही होती.

येथें एक प्रश्न मनांत येतो. तरुण सैनिकांसाठीं एवढी मेहनत झाली. मग वृद्धांचें काय? इंग्लंडमधील जुन्या अनाथगृहांच्या दवाखान्यांत शेंकडों वृद्ध ‘चिरकालीन रोगी’ या शिक्क्यानें वर्षानुवर्षें अंथरुणांत पडून असत. १९३५ मध्यें लंडनजवळील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयांत डॉ. मार्जरी वॉरन या बाईंच्या वांट्यास असे सातशेंहून अधिक रोगी आले. त्यांनीं एकेका रोग्याची नव्यानें तपासणी केली. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, पुष्कळ जण अंथरुणांत आहेत ते रोगामुळें नव्हे, तर कोणीं त्यांना उठविलेंच नाहीं म्हणून. त्यांनीं वॉर्डांची रचना बदलली, रोग्यांना बसतें केलें, चालतें केलें, आणि कित्येकांना घरीं पाठविलें. वृद्धवैद्यक या शाखेचा पाया तेथें घातला गेला. १९४७ मध्यें रिचर्ड ॲशर या डॉक्टरानें अंथरुणांत पडून राहण्याचे धोके सांगणारा एक खुसखुशीत लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें लिहिला आणि विश्रांति हें सर्व रोगांवरचें औषध, या जुन्या समजुतीला जोराचा धक्का दिला.

तथापि वृद्धांच्या शय्याव्रणाचा पद्धतशीर अभ्यास होण्यास १९६० चें दशक उजाडावें लागलें. तो अभ्यास केला डोरीन नॉर्टन नांवाच्या एका परिचारिकेनें. ऱ्होडा मॅक्लॅरन ही परिचारिका आणि एक्स्टन-स्मिथ हे वृद्धवैद्यकाचे डॉक्टर तिचे सहकारी होते. त्यांचा ग्रंथ १९६२ मध्यें निघाला. त्यांनीं रुग्णालयांतील २५० वृद्ध रोग्यांचें निरीक्षण केलें, तेव्हां जवळजवळ चतुर्थांश रोग्यांना व्रण पडले. आणि त्यांतले बहुतेक दाखल झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांतच पडले. म्हणजे धोका सर्वांत मोठा कधीं? घरचे लोक ‘आतां रुग्णालयांत आहेत, काळजी मिटली’ असें म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतात, नेमका तेव्हां! निरनिराळे लेप व चोळण्याचीं द्रव्यें त्यांनीं पडताळून पाहिलीं. त्यांतलें एकही दुसऱ्याहून सरस ठरलें नाहीं. फरक पडला तो नियमानें कूस पालटण्यानें.

नॉर्टननें एक साधें कोष्टक तयार केलें. शरीराची प्रकृति, मनाची स्थिति, हिंडण्याफिरण्याची शक्ति, अंथरुणांत हलण्याची शक्ति आणि मलमूत्रावरील ताबा, या पांच गोष्टींना एक ते चार गुण द्यावयाचे. वीसपैकीं चौदा वा त्याहून कमी गुण पडले, तर तो रोगी धोक्यांत आहे असें समजून व्रण पडण्यापूर्वींच पहारा बसवावयाचा. यांत औषध नाहीं, यंत्र नाहीं. आहे ती फक्त आगाऊ दृष्टि. पुढें वॉटरलो यांचें १९८५ चें व ब्रेडन यांचें १९८७ चें अशीं अधिक सूक्ष्म कोष्टकें आलीं. परंतु वाट नॉर्टनची.

एक्स्टन-स्मिथ यांनीं १९६१ मध्यें सहकाऱ्यासह केलेला आणखी एक प्रयोग मला विलक्षण हृदयस्पर्शी वाटतो. पन्नास वृद्ध रोग्यांच्या गाद्यांना त्यांनीं रात्रींच्या हालचाली टिपणारें यंत्र जोडलें. जे रोगी रात्रींत पन्नासाहून अधिक वेळां हलले, त्यांपैकीं एकालाही व्रण पडला नाहीं. जे वीस किंवा त्याहून कमी वेळां हलले, त्या दहांपैकीं नऊ जणांना पडला. आरंभीं ज्या रात्रींच्या पहाऱ्याचा मी उल्लेख केला, त्याचें याहून स्पष्ट प्रमाण कोणतें हवें?

या पन्नास-साठ वर्षांत ज्ञान अधिक बारीक झालें आहे. दोन तासांचा नियम हें वेदवाक्य नव्हे, असें दिसून आलें. २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चांचणींत अमेरिका व कॅनडा येथील वृद्धगृहांतील नऊशेंहून अधिक रहिवाशांना चांगल्या दर्जाच्या फोमच्या गादीवर दोन, तीन किंवा चार तासांनीं वळविण्यांत आलें. तिन्ही गटांत व्रणांचें प्रमाण अल्प आणि सारखेंच राहिलें. परंतु हा निष्कर्ष त्या गादीचा आणि त्या देखरेखीचा आहे. साध्या गादीवर निजलेल्या दुबळ्या माणसाला तो जसाच्या तसा लागू करणें धाडसाचें होईल.

दोष कोणाचा, हा प्रश्नही पुन्हां वर आला, आणि या वेळीं तो पैशाच्या रूपानें आला. २००८ पासून अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेनें, रुग्णालयांत आल्यावर पडलेल्या गंभीर शय्याव्रणासाठीं जादा रक्कम देणें बंद केलें. नाइटिंगेलचा न्याय आतां हिशेबाच्या वहींत उतरला. परंतु २०१० मध्यें अमेरिकेंतील तज्ज्ञांच्या परिषदेनें एकमतानें सांगितलें कीं, बहुतेक शय्याव्रण टाळतां येतात, सर्व नव्हेत. ज्याचें हृदय क्षीण झालें आहे, ज्याला हलविणेंच धोक्याचें आहे, अशा एखाद्या रोग्याच्या बाबतींत सर्व कांहीं करूनही व्रण पडूं शकतो. शार्को आणि नाइटिंगेल यांच्या वादाचा हा शंभराहून अधिक वर्षांनीं लागलेला निकाल आहे. त्यांत नाइटिंगेलचा पक्ष जिंकला. पण प्रामाणिकपणें झटलेल्या परिचारिकेला वा सुनेला गुन्हेगार ठरविण्याचा अधिकार कोणालाही मिळाला नाहीं.

‘सुनेला’ हा शब्द मी हेतुपुरःसर योजला. आपल्या देशांत वृद्ध रोगी रुग्णालयांतून थोड्याच दिवसांत घरीं येतो, आणि पुढची सारी शुश्रूषा बायको, सून, मुलगी किंवा पगारी बाई यांच्यावर पडते. इतिहासानें शिकविलेल्या कांहीं गोष्टी त्यांच्यापर्यंत पोंचल्या पाहिजेत. लाल झालेली जागा चोळूं नये. खालचें दुखावलेलें मांस चोळण्यानें अधिक दुखावतें. रबरी कडें व्रणाखालीं ठेवण्याची चाल आतां तज्ज्ञांनीं टाकून दिली आहे, कारण कड्याच्या कांठाचा दाब सभोंवारचें रक्त अडवितो. रोग्यास वर सरकवितांना ओढूं नये. खालीं दुमडलेली चादर घालून दोघांनीं उचलावें. उशी पोटरीखालीं ठेवून टांच अधांतरीं ठेवावी. उशाकडील भाग जेवणाच्या वेळेखेरीज फार उंच करूं नये. अंग ओलें राहूं देऊं नये, आणि डाळ, दूध, अंडें असा कस असलेला आहार पोटांत जाईल हें पाहावें. आणखी एक सूचना खास आपल्यासाठीं आहे. लाली हें पहिलें चिन्ह म्हणून पुस्तकें सांगतात. पण सांवळ्या व काळ्या वर्णावर ती लौकर दिसत नाहीं. म्हणून डोळ्यांवर विसंबून न राहतां हातानें पाहावें: ती जागा भोंवतालच्या कातडीपेक्षां गरम, थंड, कठीण किंवा लिबलिबीत लागते काय, आणि तेथें दुखतें काय. तसें असेल तर त्या जागेवरचा भार त्याच क्षणापासून काढावा आणि डॉक्टरांना दाखवावें.

हें सारें सोपें आहे, असें मी म्हणणार नाहीं. रात्रीं दोन-तीन वेळां उठून एका जड देहाची कूस पालटणें हें दमविणारें काम आहे, आणि तें एकाच व्यक्तीवर टाकून घरांतील इतरांनीं सकाळीं ‘पाठ कशी आहे?’ असें विचारणें हा न्याय नव्हे. वृद्ध माणसालाही आपली पाठ दुसऱ्याला दाखवावयाची लाज वाटते. तें बोलत नाहीं, आणि आपण पाहत नाहीं. गुटमानचा नियम यशस्वी झाला तो पाळीपाळीनें काम करणारे अनेक हात होते म्हणून. घरांतही पाळ्या लावल्या पाहिजेत, पुरुषांनींही त्यांत आपला वांटा उचलला पाहिजे, आणि रुग्णालयांत एका परिचारिकेकडे किती रोगी आहेत हा प्रश्न नागरिक म्हणून आपण विचारला पाहिजे.

वैद्यकांतील पुष्कळसे विजय एका प्रतिभावंताच्या एका क्षणाचे असतात. हा विजय तसा नाहीं. तो दर रात्रीं नव्यानें मिळवावा लागतो, आणि एका रात्रींत गमावतां येतो. ज्यानें आयुष्यभर आपल्याला सांवरलें, त्याच्या देहाला स्वतःला सांवरतां येईनासें झालें म्हणजे त्याचा तो रात्रींचा पहारा आपण आपल्या हातीं घ्यावयाचा असतो. एवढेंच या इतिहासाचें तात्पर्य आहे.